आधी निदान, मग पाना

मित्रहो, शीर्षक वाचून "मेकॅनिकलवाल्यांचा लेख दिसतो" असं म्हणत पान उलटू नका! सिव्हिलवाले, कॉम्प्युटरवाले, इतकंच काय पण वॉर्डन सर आणि मेसचे महाराज यांनीही वाचावा असा हा विषय आहे. विषय आहे म्हाताऱ्या झालेल्या स्पोर्ट्स गाड्यांचा. त्या का बिघडतात, बिघाड शोधायचा कसा, आणि न शोधताच पाना हातात घेतला की काय होतं, याचा.

आता तुम्ही म्हणाल, सेवाग्रामात कुठली आली स्पोर्ट्स कार? खरं आहे. बापूंनी १९३६ साली ज्या गावात मुक्काम ठोकला, त्या गावाच्या रस्त्यावर सायकली, ऑटो आणि एसटी शोभून दिसतात. फेरारी आली तरी कॉलेजच्या गेटजवळच्या खड्ड्यातून पुढे जाणार नाही. पण स्पोर्ट्स गाडी म्हणजे तरी काय हो? वजन कमी, दम जास्त, आणि पोचायची घाई नसतानाही चालवावीशी वाटते ती. या व्याख्येत आपल्याकडची एक गाडी फिट्ट बसते. यामाहा आरएक्स १००. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. १९८५ मध्ये ती आपल्याकडे आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे सर्वात धाकटी आरएक्ससुद्धा आपल्या थर्ड इयरच्या पोरांपेक्षा वयाने मोठी आहे. तिला "ताई" म्हणायला हरकत नाही!

अशी एक ताई आमच्या घरी आहे. देवळीला, माझ्या मोठ्या काकांची. १९९२ ची. काका रोज देवळीहून वर्ध्याला तिच्यावर नोकरीला जायचे. संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की तो आवाज ऐकून काकू चहाचं आधण ठेवायची. २०१६ साली काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये उपचार झाले, व्यायामानं हळूहळू चालायला लागले, पण शब्द काही परत आले नाहीत. समोरच्याचं सगळं समजतं, तोंडातून मात्र "हं" आणि "ना" एवढंच निघतं. गाडी त्या दिवसापासून पडवीत उभी.

मागच्या वर्षी नागपूरचा एक शौकीन गिऱ्हाईक आला. आजकाल या गाडीला चांगला भाव आहे. घरात पैशाची गरज होती. बाबा म्हणाले, "देऊन टाकू, उभी राहून सडूनच राहिली ना." काकांनी मान हलवली. नाही. इतक्या वर्षांत काकांनी इतकं स्पष्ट काही सांगितलं नव्हतं. शेवटी तह झाला : दिवाळीपर्यंत गाडी चालू होऊन तिचं पासिंग झालं तर ठेवायची, नाहीतर नागपूरला. आणि ही जबाबदारी कोणाच्या गळ्यात? अर्थात घरातल्या एकुलत्या एक होऊ घातलेल्या इंजिनिअरच्या!

गाडी सेवाग्रामला आणली. हॉस्टेलमागे उभी केली मात्र, अर्ध्या तासात सल्लागार मंडळ जमलं. "कॉइल गेली बे." "कार्बोरेटर नवीन टाक." "पिस्टन जाम असन, बोअर करून घे." प्रत्येकाकडे उत्तर तयार, प्रश्न कोणाकडेच नाही. सेशनलच्या पेपरात आपण करतो ना, तसंच.

यातून वाट दाखवली ती आमच्या गावच्याच एका मित्रानं. तो इथेच मेडिकलला आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली सुरू झाली, आणि तिथल्या पोरांना खादी घालावी लागते हे तर आपण रोज बघतोच. तो खादीचा कुर्ता सावरत गाडीजवळ बसला आणि म्हणाला, "आमच्याकडे पेशंट आला की आधी हिस्ट्री घेतात. मग हातानं तपासतात. मग टेस्ट. औषध सगळ्यात शेवटी. तुम्ही तर डायरेक्ट ऑपरेशन सांगून राहिले!"

हसू आलं, पण मुद्दा पटला. म्हणून क्रम ठरवला. हिस्ट्री, तपासणी, टेस्ट, मग पाना. आणि एका वेळी एकच बदल, म्हणजे कशानं फरक पडला ते कळतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर गाडी सुधारते पण आपण अडाणीच राहतो.

पहिली तपासणी, उभ्या गाडीची. एक गोष्ट लक्षात ठेवा : जुनी गाडी पळून जेवढी खराब होते, त्याहून जास्त उभी राहून होते. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट गाळ उरतो. तो कार्बोरेटरच्या जेटच्या सुईएवढ्या भोकात बसतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला सोसत नाही. टायरवर गोटे भरपूर दिसले तरी भुलू नका. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. आमच्या मागच्या टायरवर २३१२ होतं, म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. गोटे शाबूत, रबर मात्र लाकूड झालेलं. म्हणून इंजिनला हात लावण्याआधी टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलची नळी, दोन्ही टायर आणि ब्रेक शू बदलले. गाडी पळण्याआधी थांबली पाहिजे!

गाडी चालू झाली. हॉस्टेलमध्ये टाळ्या पडल्या. पण वर्ध्याच्या रस्त्याला लागलो आणि दहा-बारा मिनिटांत गाडी आचके देत बंद. वीस मिनिटं झाडाखाली थांबलो, की एका किकमध्ये चालू. पुन्हा दहा-बारा मिनिटं, पुन्हा बंद. सल्लागार मंडळ खूश. "सांगितलं होतं ना, कॉइल गरम होऊन बसते!"

ही शक्यता खरीच असते. गरम झाल्यावर कॉइल दगा देते, थंड झाल्यावर पुन्हा चालते. पण गरम होऊन बंद पडण्याची कारणं निदान चार आहेत, आणि लक्षण एकच. मग ओळखायचं कसं? गाडी बंद पडल्या क्षणी, ती थंड व्हायच्या आत तपासून. इंजिनला तीन गोष्टी लागतात : ठिणगी, पेट्रोल आणि दाब. तिन्हींची परीक्षा रस्त्याच्या कडेला दोन मिनिटांत होते. खिशात एक जादा प्लग ठेवायचा. गाडी थांबली की प्लगची टोपी काढून या प्लगला लावायची, त्याचं लोखंड इंजिनला टेकवायचं आणि किक मारायची. आम्ही मारली. निळी, कडक ठिणगी. म्हणजे कॉइल निर्दोष! किकला दाबही नेहमीसारखा. राहिलं पेट्रोल. कार्बोरेटरची नळी काढली, तर धार लागण्याऐवजी थेंब... थेंब... आणि बंद. टाकी तर अर्धी भरलेली.

इथे हिस्ट्री कामी आली. त्या रविवारी देवळीला गेलो होतो. काकांना हो-नाही उत्तर देता येईल असे प्रश्न विचारत बसलो. गाडी आधीही बंद पडायची? "हं." गरम झाल्यावर? "हं." मग काय करायचे? काकांनी डावा हात पुढे केला आणि हवेत काहीतरी फिरवून वर उचललं. पुन्हा तेच. काकूला वाटलं पाण्याची बाटली उघडून मागताहेत. तिने पाणी आणलं, काकांनी "ना" केलं आणि वैतागून हात खाली टाकला.

रस्त्याच्या कडेला ते थेंब बघताना तो हात आठवला. टाकीचं झाकण! झाकण फिरवून उघडलं, तर आत हवा शिरल्याचा सुस्कार ऐकू आला आणि नळीतून धार सुरू. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जातं तशी त्याच्या जागी हवा आत यावी म्हणून. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायला तयार होत नाही. वीस मिनिटं थांबलं की हवा कुठून तरी झिरपते आणि गाडी पुन्हा चालू. गाडी थंड झाल्यामुळे सुरू होते असं वाटतं, खरं कारण असतं थांबणं. काका वर्षानुवर्षं रस्त्यात झाकण उघडून पुढे जात होते. त्यांना रोग ठाऊक होता, फक्त सांगता येत नव्हता, आणि कोणी विचारलंही नव्हतं. इलाजाचा खर्च : एक बारीक तार, शून्य रुपये.

पण ताईचा दुसरा आजार खोल होता. गाडी उभी असताना इंजिनचा वेग आपोआप चढायचा आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी लवकर उतरायचा नाही. प्लग काढला तर पांढरट. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. यावर सोपा उपाय म्हणजे स्क्रू फिरवून आवाज खाली आणायचा. वर्ध्याच्या ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आम्ही जात होतो, ते चाचा म्हणाले, "बाबू, आवाज दाबू नोको. पोट दुखते म्हणून तोंड बांधतेत काय?" त्यांनी कार्बोरेटरचा मेन जेट काढून दाखवला. मूळ मापापेक्षा मोठा. म्हणजे आधी कोणीतरी हाच रोग बघून, कारण न शोधता, जास्त पेट्रोल पाजून तो झाकून ठेवला होता. तेव्हापासून मी एक सूत्र वहीत लिहून ठेवलं आहे : जुन्या गाडीला दोन आजार असतात, एक वयाचा आणि दुसरा आधीच्या इलाजाचा. दुसरा ओळखायला जास्त कठीण.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा नुसता डबा नसतो, तो पंप असतो. पिस्टन वर गेला की तो मिश्रण ओढतो, खाली आला की वर ढकलतो. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद असावी लागतात. क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, धूर वाढतो आणि गिअरबॉक्सचं ऑइल गुपचूप कमी होतं. मॅग्नेटकडचं गेलं तर फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि एक दिवस भर रस्त्यात जाम. आमच्या गाडीत धूर नव्हता. संशय मॅग्नेटकडच्या सीलवर. पण संशय म्हणजे निदान नव्हे. पुरावा पाहिजे.

हा पुरावा मेडिकलनं दिला! टू-स्ट्रोकची हवाबंदी तपासायला साधारण ६ पीएसआय दाब भरतात. मित्र म्हणाला, "आमच्या बीपीच्या यंत्रात ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत काटा जातो." हिशेब केला : ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ५.८ पीएसआय. वा! कार्बोरेटर काढून तिथलं तोंड बंद केलं, ऑइल पंपाची नळी बांधली, पिस्टन खाली आणला. सायलेन्सरच्या जागी रबर लावून पत्र्याची चकती घट्ट कसली आणि तिच्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व बसवला. त्याला बीपीचा फुगा आणि घड्याळ. चांगल्या इंजिनात मिनिटभर काटा जेमतेम हलतो. आमचा काटा २०० च्या वर जाईना आणि फुगा सोडला की काही सेकंदांत शून्य. मग मॅग्नेटचं झाकण काढून साबणाचं पाणी टाकलं. क्रँकच्या दांड्याभोवती बुडबुडेच बुडबुडे! चार शाखांची पोरं वाकून बघत होती, मित्राच्या कुर्त्याला ग्रीस लागलं होतं, आणि पेशंटनं शेवटी स्वतःच बोट ठेवून सांगितलं होतं की दुखतं ते इथे.

पुलर लावून मॅग्नेट काढला, इंजिन न फाडता बाहेरून सील बदललं आणि जेट मूळ मापाचा बसवला. पुन्हा दाब भरला. काटा २८० वर जाऊन थांबला. पिस्टन तोच, १९९२ चा. बोअर करायला सांगणाऱ्यांचं ऐकलं असतं तर नव्या पिस्टनलाही त्याच सीलनं खाल्लं असतं.

आता प्रश्न, हे सगळं मोठ्या स्पोर्ट्स कारना लागू पडतं का? शंभर टक्के. सचिनला २००२ साली मिळालेली ती फेरारी ३६० मोडेना आठवते ना? त्या इंजिनातला टायमिंग बेल्ट गाडी फिरली नाही तरी काही वर्षांनी बदलावाच लागतो. तो तुटला तर वॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. रबराला किलोमीटर कळत नाहीत, कॅलेंडर कळतं. १९९७ नंतरच्या काही पोर्शे ९११ मध्ये आतल्या एका दांड्याच्या बेअरिंगचा दोष जगभर प्रसिद्ध आहे. जाणकार मालक ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून त्यात धातूचे कण दिसतात का ते बघतात. ही झाली गाडीची रक्ततपासणी. आपल्या देशात बनलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म फायबरग्लास बॉडीची होती. अशा बॉडीतून वीज परत जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी तार. वय झालं की या तारांची टोकं गंजतात, मग इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद! लोक बॅटरी बदलतात. खरं तर मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या अर्थवर ठेवायची, दिवा लावायचा. जवळजवळ शून्य यायला पाहिजे. अर्धा व्होल्ट आला तर चोर सापडला.

पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीसाठी एक सोपं सूत्र. गर्दीत तापते पण हायवेवर ठीक, तर आधी पंखा बघा. गर्दीत ठीक पण हायवेवर तापते, तर रेडिएटर तुंबला असण्याची शक्यता जास्त. एक प्रश्न विचारला की अर्धं इंजिन खोलायचं वाचतं.

बघा, या सगळ्यात महागडं असं काहीच नाही. एक जादा प्लग, साबणाचं पाणी, मल्टिमीटर आणि विचारायची सवय. आपल्या शेजारी १९३७ सालापासून नई तालीमचा विचार रुजला, की हातानं काम करता करता डोकं शिकतं. चार वर्षं आपण रोज आश्रमावरून जातो, पण त्याचा अर्थ मला थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकापेक्षा त्या बुडबुड्यांत जास्त कळला. हात चालले, पण डोळे आणि कान पुढे ठेवून.

दिवाळीच्या आठ दिवस आधी गाडीचं पासिंग झालं. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, तशी मिळाली. कागदावर काकांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. नागपूरच्या गिऱ्हाइकाला बाबांनी स्वतः फोन करून नाही सांगितलं. पैशाची अडचण तशीच होती, ती वर्षभरात थोडी थोडी निस्तरली. काका गाडी चालवू शकत नाहीत आणि शकणारही नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. मी दर रविवारी अंगणात गाडी चालू करतो. ते खुर्चीवर बसून ऐकतात. आवाज बिघडला की डावा हात वर होतो, आणि आजवर तो हात एकदाही चुकलेला नाही.

पण खरी दुरुस्ती गाडीत झाली नाही, घरात झाली. काकांना बोलता येत नाही म्हणून घरात त्यांना कोणी काही विचारेनासं झालं होतं. आता विहिरीची मोटर बंद पडली की बाबा आधी त्यांच्याजवळ जाऊन बसतात. "दादा, पाणी ओढून नाही राहिली, की मोटरच फिरून नाही राहिली?" एकेक प्रश्न, हं किंवा ना. वेळ लागतो. पण उत्तर मिळतं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी काही बंद पडलं, मग ती रूममेटची गाडी असो, लॅबमधलं मशीन असो, की एखादा रूममेटच गप्प गप्प झालेला असो, पाना उचलण्याआधी जवळ बसून एक प्रश्न विचारून बघा. आणि कोणाकडे जुनी आरएक्स असेल तर बिनधास्त घेऊन या. बीपीचं यंत्र मागून आणायची जबाबदारी माझी!